पांढरीची माती

बारामती
९ मे

आत्या,

काल व्हिडिओ कॉल केला होता. तू फोन कानाला लावलास आणि मला बराच वेळ तुझं कर्णफूल दिसत राहिलं. तुला ऐकू काहीच गेलं नसणार. म्हणून हे पत्र. संदेशदादा पेरू घेऊन इथल्या मार्केटला येतो, त्याच्या हाती देते.

काम आहे. मी कॉलेजात पीएच.डी. करते हे तुला माहीत आहे. काय करते हे घरात कुणालाच नीट माहीत नाही. दादांना, म्हणजे तुझ्या भावाला, वाटतं मातीपरीक्षण, म्हणजे उसाला खत किती घालायचं ते. तसं नाही.

चिकणमातीचा कण पुष्कळ मोठा करून पाहिला तर तो पापुद्र्यांचा असतो. एकावर एक, चपातीच्या पदरांसारखे. मध्ये फट असते. पाणी त्या फटीत शिरतं तेव्हा माती फुगते, निघून जातं तेव्हा भेगाळते. मी त्या फटीत एका धातूचे कण बसवते. धातूचं नाव युरोपियम. मग माती वाळवते आणि दुसऱ्या एका भुकटीबरोबर खलात घोटते. भुकटीचे रेणू फटीत शिरतात आणि धातूला चारी बाजूंनी धरून बसतात. मातीच्या पोटात एक नवा पदार्थ तयार होतो. साध्या उजेडात काही दिसत नाही. जांभळ्या दिव्याखाली धरलं की तो लाल उजळतो.

बाटलीतल्या विकतच्या मातीत हे होतं. जगभर लोक त्याच मातीत करतात. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, आपल्याकडची माती घे, नाहीतर या कामात तुझं काय? मी पिंपळीच्या आपल्या रानातली काळी घेतली. उजळली नाही. तिच्यात लोह फार, आणि लोह प्रकाश गिळतं. दिवाळीनंतर काम तपासणारी समिती बसेल. तोवर इथल्या मातीत उजेड दिसला नाही, तर हा विषय सोडून बाटलीकडे जायचं असं ठरलं आहे.

मला ते नको आहे.

पांढरी माती हवी. दादा म्हणाले, आत्याकडे मिळेल. एक डबा पुरे.

तुझी
राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
२१ मे

नंदे,

पत्राला तीर्थरूप लावायचं विसरलीस. पुढं शिकवत असतील. आणि ते कर्णफूल न्हाय, बुगडी हाय. तुझ्या आजीची.

डबा संदेशाकडं देते. पोराचं नाव संदेश ठेवलं, पण आजवर एक निरोप धड पोचवला न्हाय. तू लिहितीस तेच बरं.

पांढरीची माती मागितलीस, मला बरं वाटलं. तुझ्या बापानं कधी मागितली न्हाय. मासेवाल्या भीमाला सोबत घेतला. घराच्या जागेवरनंच उचलली, दुसरीकडची कशाला. पाय पोटरीपर्यंत भरले. भीमा म्हणला, "काकी, कशाला घालायची ही? वांग्याला?" मी म्हटलं, "भाचीला उजेड करायचाय." त्यानं डबा पुढं धरला. घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार, म्हातारी गेली कामातनं.

खापराचे तुकडे हायत तेवढे हातानं निवडून घे.

तू पदर-बिदर लिहिलंस ते दोनदा वाचलं. कळलं. फट हाय म्हणून फुगती. फट नसती तर दगड झाला असता. एवढंच ना?

संदेश सैपाकघरावर स्लॅब टाकायचं म्हणतोय. मी म्हटलं, मी गेल्यावर टाक. तो म्हणला, तू जातीयस कुठं.

आशीर्वाद.
तुझी आत्या


बारामती
३ जुलै

तीर्थरूप आत्या (शिकले),

उजळली.

तुझी माती निवडून पाण्यात कालवली. खडा खाली बसला, वरचं गढूळ पाणी वेगळं घेतलं. त्यात युरोपियम. मग धुतली, वाळवली, घोटली. घोटताना काहीच घडत नाही, तेच जड जातं. राखी भुकटी राखीच राहते. मग खोलीचे पडदे ओढले आणि दिवा लावला. आधी वाटलं, बाहेरचा कुठला उजेड वाटीत पडलाय. वाटी फिरवली. वाटीबरोबर लाल फिरलं.

मॅडमना बोलावलं. त्या पाहून गेल्या आणि दारातून पुन्हा आत आल्या, परत पाहायला. असं त्या कधी करत नाहीत. मग म्हणाल्या, "छान. आता परत कर."

आमच्याकडे एकदा झालेलं झालं असं धरत नाहीत. तीच माती, तीच रीत, आणि दुसऱ्यांदाही तोच उजेड. तरच समितीपुढे ठेवता येतं. आणि मी डबा संपवून बसले आहे. थोडी तपासण्यांना गेली, थोडी आनंदाच्या भरात मीच सांडली.

पोतंभर पाठव. घराच्या त्याच जागेवरची. घाई आहे.

राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
१९ जुलै

नंदे,

उजळली म्हणतीस तर उजळली असंल. मी शेजारच्या साखरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणली, पोरीच्या लग्नाचं काय? मी म्हटलं, मला ऐकू येत न्हाय.

माती आता न्हाय मिळायची. पुढच्या उन्हाळ्यात बघू.

गुडघा बरा हाय. स्लॅबवरनं संदेशाचं आणि माझं बोलणं बंद हाय, म्हणजे त्याचं. माझं चालू हाय.

आत्या


बारामती
१६ ऑगस्ट

आत्या,

पुढचा उन्हाळा मला नाही. दिवाळीनंतर समिती आहे, लिहिलं होतं. मला वाटलं पावसाचा चिखल आहे, तुझा गुडघा आहे, म्हणून तू टाळतेस. म्हणून तुला न विचारता संदेशदादाला फोन केला, की आत्याने दिलेली पांढरी माती पोतंभर आण. तो म्हणाला, "हात्तिच्या, एवढंच?" आणि दोन दिवसांत आणली. पाण्याच्या कडेची, पांढुरकी. दिसायला अगदी तीच.

घोटायला लागले आणि खलातच लाल झाली. दिव्याशिवाय, भर दुपारी. मी अक्षरशः ओरडले. शेजारच्या खोलीतली मुलं धावत आली. पडदे ओढले, दिवा लावला. काळं. वाटीत कोळसा ठेवल्यासारखं.

मग कळलं. पाण्यात मुरलेल्या त्या मातीत लोह विरघळलेल्या रूपात होतं. माझी भुकटी युरोपियमकडे गेलीच नाही, तिने लोहाला धरलं. तो जोड उन्हात लाल दिसतो आणि अंधारात मेलेला असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा रंग आम्हीच शिकवतो. मला तो आठवला नाही, कारण मला लाल हवं होतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं. बाटलीची चौकशी करून ठेव म्हणाल्या.

आत्या, डब्यातली माती नक्की कुठली? घराच्या कुठल्या बाजूची? मागच्या अंगणातली की गोठ्याकडची? विचार करून लिही. माझं सगळं त्यावर आहे.

राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
२५ ऑगस्ट

नंदे,

तुझं पत्र वाचलं आणि हसून हसून ठसका लागला. साखरबाई पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली, तिला वाटलं तार आली. हल्ली तार येत न्हाय हे तिला कोण सांगणार.

मागचं अंगण काय, गोठा काय. अगं, काळी म्हंजे रान आणि पांढर म्हंजे गाव. माणसं राहतात ती जागा. राख, शेण, पडल्या भिंती, पिढ्यान् पिढ्या साचून जमीन पांढरी पडते, म्हणून पांढर. तू लिहिलंस 'पांढरी माती'. मला वाटलं घाईत मधला 'ची' गाळलास. तू रंग मागत होतीस व्हय? मातीत पीएच.डी. करतीस आणि पांढर ठाऊक न्हाय?

आणि पांढर म्हंजे आपली. माझ्या माहेरची. हितली कशाला असंल, हे सासर.

तू ते गाव बघितलेलं न्हाय. तुझा बापबी तवा चड्डीत होता. धरणाचं पाणी आलं आणि आबांनी दारं, तुळया, जातं गाडीत घातलं आणि पिंपळीला गेले. माझं लगीन झालेलं, मी हितं काठावर राहिले. पाणी लई उतरलं की ते गाव वर येतं. दरसाली न्हाय येत, यंदा आलं. भीमानं होडीतनं नेलं, पुढं गाळ तुडवत गेलो. दगडी उखळ दिसलं, त्यावरनं मी घर ओळखलं. घर म्हंजे ढीग. तुळया काढल्या तवा माळवदाची, म्हंजे मातीच्या छपराची, माती खाली बसली ती तशीच. तीच तुझ्या डब्यात घातली. आबा ती ओढ्याच्या दरडीतनं आणायचे. चिकट, फुगणारी. वर पाणी पडलं की भेगा आपोआप मिटायच्या, घरात थेंब न्हाय. ती दरडबी पाण्याखाली गेली.

आता आपल्या घरावर किती पाणी हाय ते भीमाला विचार. त्याचं जाळं तितंच असतं.

म्हणून पुढचा उन्हाळा लिहिला. तुला टाळलं न्हाय.

आत्या


बारामती
१० सप्टेंबर

आत्या,

दादांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "उखळ अजून हाय?"

नंतर जेवताना आणखी एक गोष्ट म्हणाले. आबांनी माळवदाची सगळी माती तिथे सोडली नव्हती. निम्मी दोन गाड्यांत भरून तुझ्या सासरी पाठवली. "अक्काच्या सैपाकघरावर तीच हाय," म्हणाले.

तू हे लिहिलं नाहीस. उखळ लिहिलंस, दरड लिहिलीस, हे नाही. न लिहिण्याचं कारण असणार. संदेशदादा स्लॅबचं बोलला की तू का बिथरतेस तेही मला आता कळलं.

मी मागत नाही. हे मी नीट लिहिते, म्हणजे तू पुन्हा 'ची' घालून वाचणार नाहीस. मी मागत नाही. बाटलीतली माती वाईट नसते. मॅडमना तसं सांगायचं मनाशी ठरवलं आहे.

गुडघ्याला तेल लावत जा.

राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
२६ सप्टेंबर

नंदे,

पोतं पाठवलंय. उतरवून घेताना खाली धर, शिवण जुनी हाय.

लिहिलं न्हवतं हे खरं. सासरी आले तवा डोक्यावरचं छप्पर त्यांचं आणि त्यावरची माती माझी, असं मी मनात धरलं होतं. कुणाला सांगितलं न्हाय. सांगण्यासारखं न्हवतंच. पाऊस लागायला लागला की मी भाकरी थापताना वर बघायची. गळायचं न्हाय. बस, एवढंच.

तू मागितली असतीस तर कदाचित दिली नसती. मागत न्हाय म्हणलीस, मग मी अडकले.

संदेशाला शिडीवर चढवला. तो म्हणला, "आई, एवढी वर्सं मी स्लॅब म्हणतोय तर तू विळा दाखवतीस, आणि तिनं मागितलीबी न्हाय तर मला टिकाव देतीस?" मी म्हटलं, मला ऐकू येत न्हाय. साखरबाई आडवी आली. पितरांचा पंधरवडा हाय, घराला हात लावू नको म्हणली. मी म्हटलं, माती त्यांचीच हाय, त्यांना विचारूनच काढते. एका कोपऱ्यातली काढलीय. तितं ताडपत्री घातलीय.

तुझ्या बापाला सांग, उखळ हाय. चिरलंय, पण हाय.

आत्या


बारामती
१३ ऑक्टोबर

आत्या,

उजळली नाही.

कसं लिहू समजत नव्हतं, म्हणून उशीर. सगळं तसंच केलं. अंधारात डोळे फाडून पाहिलं तर कडेला किंचित गुलाबी, बाकी काही नाही. दोनदा केलं. तू घराचं छप्पर उकरून दिलंस आणि माझ्या वाटीत हे.

दोन दिवस काही केलं नाही. मग मी माझ्या मे महिन्यातल्या मातीच्या तपासण्या काढल्या आणि या मातीच्या शेजारी ठेवल्या. माती तीच आहे. पापुद्रे तेच, फट तीच. फरक एवढाच की तुझ्या माळवदाच्या मातीत चुना आहे आणि लोहाचा गंज आहे. थेंबभर आम्ल टाकलं की फसफसते. डब्यातली फसफसत नव्हती. चुना असला की युरोपियम फटीत जातच नाही, बाहेरच अडकून बसतं. आणि गंज उरलेला प्रकाश गिळतो.

पाण्याखालच्या मातीतला चुना आणि गंज गेला कुठे? आत्या, पाण्याने नेला. आबांच्या घराची माती तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून धुतली जाते आहे. पाणी चढतं, उतरतं, पुन्हा चढतं. तुझी निम्मी डोक्यावर कोरडी राहिली.

म्हणजे माती चुकीची नाही. ती फक्त धुतलेली नाही. पाण्याने एवढ्या वर्षांत केलं ते मला टेबलावर करायचं आहे. आधी सौम्य आम्लाने चुना काढायचा. मग गंज काढायचं रसायन. मग मिठाचं पाणी, म्हणजे फटींमधून बाकीचं निघून नुसतं सोडियम राहील. ते युरोपियमला जागा लगेच देतं. मग साधं पाणी, पुन्हा पुन्हा, कुरडईचा चीक निवळतो तसं. खाली बसू द्यायचं, वरचं ओतायचं, नवं घालायचं.

आज पहिलं पाणी बदललं. मॅडम म्हणाल्या, समितीच्या आदल्या दिवसापर्यंत मी बाटलीचं नाव काढणार नाही.

ताडपत्री टिकते का?

राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
२४ ऑक्टोबर

नंदे,

ताडपत्री टिकती पण परतीचा पाऊस आडवा आला. हळदीच्या डब्यात पाणी गेलं. संदेश काही बोलला न्हाय. तो बोलला न्हाय म्हणून मीच बोलले. दिवाळी झाली की टाक म्हटलं स्लॅब. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं आपल्यालाच ऐकू येईना झालं.

तू वाईट वाटून घेऊ नको. कोपरा काढला तवाच मला कळलं हुतं, आता हे सगळंच उतरणार. माती किती वर्सं धरून ठेवायची. तुळईला वाळवी लागलीय, तीबी मी कुणाला सांगितली न्हवती.

कुरडईचं लिहिलंस म्हणून सांगते. तू लहानपणी सुट्टीला यायचीस आणि चीक निवळायच्या आत बोट घालायचीस. एकदा सगळं पातेलं ढवळून ठेवलंस. आमी त्या साली काळ्या कुरडया खाल्ल्या. बोट घालू नको.

उरलेली माती संदेश पोत्यांत भरून गोठ्यात ठेवणार हाय. लागंल तेवढी तुझी.

आत्या


बारामती
१ नोव्हेंबर

आत्या,

दिवाळीला पिंपळीला गेले नाही. माती खाली बसत नाही. एवढं धुतल्यावर ती पाण्यात नुसती तरंगते, दुधासारखी. मॅडम म्हणतात हे चांगलं लक्षण आहे, पापुद्रे सुटे झालेत.

बोट घातलेलं नाही.

राजनंदिनी


बारामती
२१ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या,

उजळली. परत केली, परत उजळली. मग मी बाहेर गेले आणि मॅडमनी माझ्याशिवाय, स्वतःच्या हाताने, अगदी पहिल्या धुण्यापासून केली. उजळली.

काल समिती झाली. तिघे होते. मी पडदे ओढले आणि तीन वाट्या दिव्याखाली ठेवल्या: बाटलीतली, मी केलेली, मॅडमनी केलेली. बाटलीतली अजून जास्त उजळते, ते मी सांगितलं. लपवण्यासारखं काही नाही. आपल्या मातीच्या पापुद्र्यांतच थोडं लोह आहे, ते धुऊन निघत नाही. पण उजेड स्पष्ट आहे आणि तो दर वेळी येतो. विषय राहिला. बाटलीकडे जायचं नाही.

एका सरांनी नमुन्याचं नाव विचारलं. वाटीवर मी 'पांढर' लिहिलं होतं. ते म्हणाले, "पण ही माती करडी दिसते."

मी म्हटलं, "सर, तो रंग नाही. ते गाव आहे."

ते आपल्याच भागातले असावेत. हसले नाहीत. कुठलं गाव, विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी दिवा पुन्हा लावायला सांगितला.

आता तू ये. संदेशदादाच्या टेंपोत पुढे बस. खोली अंधारी करते, खिडकीला लावायला घोंगडी आणू नकोस, पडदे आहेत.

राजनंदिनी


धरणाच्या काठावरून
१२ डिसेंबर

नंदे,

पोचले नीट. टेंपोत संदेशानं गाणी लावली होती, मला काय.

तिथं उत्तर दिलं न्हाय म्हणून तू सारखी विचारत होतीस, "आत्या, कसं वाटलं?" तुझे ओठ दिसत होते. काय सांगायचं ते तवा सुचलं न्हाय. आता लिहिते.

मला वाटलं होतं निखाऱ्यासारखं असंल. तसं न्हाय. निखारा वरनं राखेनं झाकत जातो. हे आतनंच हाय. डाळिंबाचा दाणा उन्हात धरतो तसं. तू दिवा बंद केलास तवा वाटीत आपल्या घरावरची माती होती, राखी. मला वाटलं गेलं. मी म्हटलं, परत लाव. तू लावलास. हुतं. मी आणखी एकदा म्हटलं, तू आणखी एकदा लावलास. तुझ्या मॅडम मला हसल्या. त्यांना म्हणावं, मीबी तुमच्यासारखीच. एकदा झालेलं झालं असं धरत न्हाय.

तुझा बाप कोपऱ्यात उभा हुता. त्यानं वाटीला हात लावून बघितला, गरम हाय का. मग हात तसाच ठेवला.

स्लॅब टाकून झाला. चांगला हाय, गळत न्हाय. पण उन्हाळ्यात भट्टी होईल म्हणून मी गोठ्यातली पोती परत वर चढवली आणि स्लॅबवर ती माती पसरायला लावली. गवंडी म्हणला, "आजी, सिमेंटवर माती? लोक हसतील." मी म्हटलं, मला ऐकू येत न्हाय. एक पोतं तुझ्यासाठी राखलंय.

पाणी आत्ता भरपूर हाय. येत्या उन्हाळ्यात उतरलं तर भीमा सांगंल, न्हाय उतरलं तर पुढच्या साली. तवा तू ये, बापालाबी आण. मी असेन-नसेन म्हणून न्हाय, गुडघा असंल-नसंल म्हणून. उखळापासनं उजवीकडं सैपाकघर, तितनं पुढं दार. मी दाखवते. चप्पल घालू नको, गाळात राहती.

आणि डबा मोठा आण.

आत्या